विषाच्या कपाटाची चावी

मी नर्स झाले ती बुटांसाठी. कुणी विचारलं तर मी सेवेचं, दुःखितांचं वगैरे सांगते, पण खरी गोष्ट ही आहे. १९४८ साली आमच्या फैजपूरला देवीच्या लशी टोचायला एक नर्सबाई आल्या होत्या. त्यांच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते. माझे वडील केळीच्या बागेत दहा माणसांवर ओरडणारे. पण त्या बाई दारात आल्या तेव्हा त्यांनी ओट्यावरचे पाय खाली घेतले, बाही वर केली आणि मुकाट्याने दंड पुढे केला. वडिलांना एवढं गरीब झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी ठरवलं की आपल्याला हेच व्हायचं.

माझं नाव बेबा. उंची पाच फूट सहा इंच. फैजपूर-यावलच्या पट्ट्यात तेवढ्या उंचीचा मुलगा मिळेना, म्हणून वडिलांनीही फार ताणलं नाही. धुळ्याच्या एका दवाखान्यात तीन वर्षं शिकले. आमच्या तुकडीत मी तिसरी आले. घरी पत्रात मी 'तिसरी आले' एवढंच लिहिलं. तुकडीत पाचच जणी होत्या हे लिहायचं राहून गेलं.

पुढे त्याच दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात मला नेमलं आणि १९५४ साली माझ्या हाती विषाच्या कपाटाची चावी आली. हे भिंतीतलं लहानसं लोखंडी कपाट होतं. त्यात दुखणं दाबणाऱ्या मॉर्फीनच्या गोळ्यांच्या नळ्या, तसलंच पेथिडीन आणि आणखी दोन-तीन जपून ठेवायच्या गोष्टी. एक गोळी उकळलेल्या पाण्यात विरघळवायची, सुईत घ्यायची आणि टोचायची. टोचण्याआधी वहीत वेळ, मात्रा, रोग्याचे मिनिटाचे श्वास आणि सही. चावी मी कमरेला सेफ्टी पिनने लावत असे, आणि तशी गरज नसतानाही पदराच्या बाहेर ठेवत असे.

चावी मिळाल्याबरोबर मला सगळं कळायला लागलं. डॉक्टर लिहीत, 'दुखल्यास, चार तासांनी.' आता दुखतंय की नाही हे ठरवायचं कुणी? चावीवाल्याने. माझा सिद्धान्त असा होता की जो फार कण्हतो त्याला फार दुखत नाही, आणि जो मागतो त्याला सवय लागत चालली आहे. यामागे आमचे हिलालमामा होते. मामा अफू खात, आणि मॉर्फीन अफूपासूनच काढतात. शेत, बैल, मामी, सगळं वाऱ्यावर सोडून ओट्यावर पेंगत बसत. मला वाटे, मी जरा हात सैल सोडला तर अख्खा वॉर्ड हिलालमामा होऊन बसेल. म्हणून कुणी मॉर्फीन मागितलं की मी आधी एक छोटं भाषण देई. "बघा हं, याची सवय लागते. मग सुटत नाही. थोडं सोसून पाहा." बहुतेक जण भाषण ऐकून गप्प होत. मी ते औषधाचं यश समजत असे, म्हणजे माझ्या भाषणाचं.

महिन्याअखेरीस गोळ्या मोजल्या की माझ्या कपाटात सगळ्यांत जास्त शिल्लक निघे. एकदा मी हे आमचे मोठे डॉक्टर बन्सीलाल यांना सहज सांगितलं. शाबासकी मिळेल अशा बेताने उभी राहूनच सांगितलं. ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "औषध शिल्लक राहिलं, ही चांगली बातमी आहे का, बेबाबाई?" मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसले.

१९५५ च्या जानेवारीत, कापसाची वेचणी संपत आली होती तेव्हा, नरडाण्याजवळच्या एका खेड्यातून अभिमन नाना आले. वय साठच्या आसपास, अंगाने वाळलेले, मिशा पांढऱ्या. कॅन्सर कमरेच्या हाडात उतरला होता. बरे होण्यातले ते नव्हते, हे डॉक्टरांनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला, मंजुळाबाईंना, पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं. मंजुळाबाई खाटेशेजारी जमिनीवर घोंगडी टाकून राहिल्या. मला पाहिलं की त्या उठून उभ्या राहत. मला ते फार आवडे.

पहिल्या दिवशी मी नानांना विचारलं, "दुखतं का फार?"

"दुखस," नाना म्हणाले. "पन काही औषध शे ना?"

मी माझं भाषण दिलं. नानांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून मी विचारलं की ते म्हणत, "बरं शे, बाई. चालस."

मला तर देव भेटला. असा रोगी मी पाहिला नव्हता. कण्हणं नाही, हाक नाही, दिवसातून एकदा टोचलं तरी तक्रार नाही. शेजारच्या खाटांवरच्या लोकांना मी नानांचं उदाहरण देऊ लागले. "त्या नानांकडे बघा. एवढा मोठा आजार, पण तोंडातून शब्द नाही." लोक नानांकडे बघत. नाना छताकडे बघत.

चौथ्या की पाचव्या दिवशी चादर बदलताना मला त्यांच्या उशाखाली त्यांचा गमछा सापडला. त्याचं एक टोक पार कुरतडलेलं होतं, नुसते दोरे लोंबत होते. मी लगेच ओळखलं की वॉर्डात उंदीर झाले. माझी नजरच अशी तीक्ष्ण. वॉर्डाची झाडलोट करणारे झुलालभाऊ, वडिलांच्या वयाचे गृहस्थ, त्यांना मी स्वच्छतेवरून दोन शब्द सुनावले आणि नानांच्या खाटेखाली उंदराचा पिंजरा लावायला सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा अडकवून पिंजरा लावला. दोन दिवस काही सापडलं नाही. पण गमछ्याचं दुसरं टोकही गेलं, तेव्हा मी म्हटलं, उंदीर हुशार दिसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीवर आले आणि त्यांचा पाय पिंजऱ्याला लागला.

"हे काय?"

मी उंदराची हकीकत सांगितली आणि पुरावा म्हणून गमछा दाखवला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, दोरे बोटांनी चाचपले. ते ओले होते. मग ते नानांच्या खाटेवर बसले. डॉक्टर खाटेवर बसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

"नाना, हे तुम्ही चावता का?"

नाना माझ्याकडे पाहू लागले.

"त्यांच्याकडे नका बघू. माझ्याकडे बघा. किती दुखतं?"

"भलतं दुखस, डॉक्टर," नाना म्हणाले. "पन बाईनी सांगं व्हतं, हाई औषधनी सवय लागस. म्हटलं, मरानी येळे आते नवी सवय कसाले?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. नानाही जरा हसले. झुलालभाऊंनी वाकून पिंजरा उचलला आणि कुणाकडे न बघता बाहेर नेला. मला वाटलं, त्यात मलाही घालून नेलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर मला वॉर्डात काही बोलले नाहीत. खोलीत बोलावलं. मी हिलालमामांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"तुमचे मामा दुखत नसताना खात होते. या माणसाचं हाड पोखरलं जातंय. दोघांना एका ओट्यावर कशाला बसवता? आणि लागलीच सवय, तर ती मी सांभाळीन. तुम्ही त्याचं दुखणं सांभाळा."

"पण ते बरं आहे म्हणत होते."

"तुम्ही म्हणायला लावलंत म्हणून. दुखणं कुणाचं? त्यांचं. मग ते किती आहे हे त्यांनीच सांगायचं. तुम्ही फक्त ऐकायचं आणि लिहायचं."

मग त्यांनी नवा हुकूम लिहिला. मॉर्फीनची एक गोळी, म्हणजे ग्रेनचा सहावा भाग, दर चार तासांनी, मागितलं तरी आणि नाही मागितलं तरी. दर वेळी आधी दुखणं विचारायचं, हाक मारून जाग पाहायची आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. मिनिटाला बाराच्या खाली असले किंवा हाक मारून डोळे उघडले नाहीत, तर टोचायचं नाही, त्यांना बोलवायचं. आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध.

दोन दिवसांत नाना बदलले. कुशीवर वळायला लागले, वरणात कुस्करलेली भाकरी खायला लागले. आणि बोलायला लागले. ज्यांच्या मौनाचं मी वॉर्डभर कीर्तन करत होते, ते नाना मुळात नरडाण्यापासून शिंदखेड्यापर्यंत बोलका म्हणून नावाजलेला माणूस निघाले. त्यांचा एक बैल तापीच्या पुरात वाहून गेला आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच गावच्या बाजारात विकायला उभा दिसला, ही गोष्ट मी चार वेळा ऐकली. दर वेळी बाजाराचं गाव वेगळं असे.

पोटाच्या औषधाचं मात्र मी विसरले. म्हणजे विसरले असं म्हणणं बरं दिसतं. खरं तर मला ते काम माझ्या चावीच्या मानाने हलकं वाटलं. पाचव्या दिवशी नानांचं पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं, जेवण सुटलं. मी गंभीर चेहऱ्याने डॉक्टरांना सांगितलं की रोग पोटात पसरला आहे. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "शौचाला कधी झालं?" मी वही उलटी-सुलटी केली. "मॉर्फीन आतडीही झोपवतं, बेबाबाई. हे पहिल्या वर्षी शिकवतात." त्या दुपारी एनिमाचं भांडं मी स्वतः घेऊन गेले. नानांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "तुमी तिकडे देखा, बाई, मी इकडे देखस." अर्ध्या तासाने रोग ओसरला.

इथपर्यंतच्या चुका सांगताना मी हसते. पुढची सांगताना मला हसावं लागतं.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मी पूर्ण बदलले होते. पूर्वी मी कडकपणाचा आदर्श होते, आता वेळेचा आदर्श झाले. आठ, बारा, चार. घड्याळाचा काटा आणि माझी सुई एकदमच पोहोचत. एका मंगळवारी बाराच्या सुमारास तीन खाटांवर नवे रोगी आले, गडबड होती. बाराला मी नानांपाशी गेले. ते झोपले होते. मला वाटलं, काल रात्री झोप कमी झाली असेल. उठवायचं कशाला? श्वास मोजायला एक मिनिट लागतं, आणि बारा वाजून गेले असते. मी वहीत 'श्वास १६' लिहिलं, कारण सकाळी सोळा होते. टोचलं, आणि वेळ साधली म्हणून खूशही झाले.

साडेबाराला मंजुळाबाई माझ्याकडे आल्या. त्या कधी स्वतःहून येत नसत.

"बाई, यास्नं घोरनं काही बरं नही वाटस."

मी गेले. नाना घोरत होते, मग थांबत, बराच वेळ थांबत, मग पुन्हा एक घोरणं. ओठ काळपट. मी घड्याळ धरलं. मिनिटाला सात. पापणी उघडून पाहिली, तर बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी. मी जोरात हाक मारली, छातीच्या हाडावर मूठ घासली. जरासे हलले, पुन्हा तसेच.

झुलालभाऊंना ऑपरेशनच्या खोलीकडे पिटाळलं. नानांची हनुवटी वर उचलून धरली, जीभ मागे पडू दिली नाही, ऑक्सिजनची नळी लावली. डॉक्टर हातमोजे घालूनच आले. श्वासाला चेतवणारं कोरामीन टोचलं. मॉर्फीनवर उतारा म्हणून नवं इंजेक्शन निघालं आहे असं ते कधी तरी सांगत, पण आमच्या कपाटात ते नव्हतं.

"एवढ्या मात्रेने हे होणार नाही," ते म्हणाले. "आणखी काही घेतलंय यांनी."

त्यांनी मंजुळाबाईंना विचारलं. त्या मानेनेच नाही म्हणाल्या, पण पाहत माझ्याकडे होत्या, जसे एकदा नाना पाहत होते. मग मला कळलं की विचारायचं मलाच आहे. मी त्यांच्याशेजारी घोंगडीवर बसले.

"मंजुळाबाई, काही दिलं असेल तर सांगा. मी काही बोलणार नाही."

"तुमी रागे भरशात."

"नाही भरणार. आज रागवायला मला तोंड नाही. मीसुद्धा चूक केली आहे."

त्यांनी एकदा नानांकडे पाहिलं. मग पदराची गाठ सोडली. आत कागदात अफूची काळी गोळी होती, अर्धी तोडलेली. मी नानांना सोसायला लावत होते त्या दिवसांत त्यांनी ती गावाहून मागवली होती. नंतर दुखणं थांबलं, तशी ती गाठीतच राहिली. आज सकाळी उठवून बसवताना नाना कळवळले, म्हणून त्यांनी चहातून दिली. "इतलीशीच दिधी," त्या म्हणाल्या आणि करंगळीचं नख दाखवलं. मला सांगितलं असतं तर मी भाषण दिलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि माझ्या माहितीप्रमाणेही ते खरं होतं.

डॉक्टर म्हणाले, "आता बसा, आणि प्रत्येक श्वास मोजा. ते विसरले की तुम्ही आठवण द्या."

साडेबारा ते पाच मी त्या खाटेशी बसले. "नाना, श्वास घ्या." ते घेत. थांबत. "नाना, घ्या श्वास." पुन्हा घेत. हाक ऐकून श्वास घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. सात, आठ, मध्येच सहा. तेव्हा डॉक्टर आणि मी मिळून हातांनी श्वास दिला. तीन वाजता नऊ. मंजुळाबाई दुसऱ्या बाजूला बसून त्यांचे तळवे चोळत होत्या. चारनंतर अकरा, मग बारा. पाचला नानांनी डोळे उघडले आणि बराच वेळ मला न्याहाळलं.

"कितलं बोलतस तुमी, बाई," ते म्हणाले. "जरासं झोपू द्या."

मंजुळाबाई पदर तोंडावर घेऊन रडल्या. मी न्हाणीघरात जाऊन रडले, कारण वॉर्डात नर्सने रडू नये असा माझाच नियम होता.

मग मी वही घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि 'श्वास १६' कुठून आले ते सांगितलं. त्यांनी वही जवळ ओढून ती ओळ वाचली. मग म्हणाले, "खोडून टाकू नका. वाचता येईल अशी एकच रेघ मारा, खाली खरं लिहा, सही करा." मी लिहिलं, 'श्वास मोजले नाहीत.' एवढं छोटं वाक्य लिहायला मला अख्खी तीन वर्षं शिकवलं होतं, आणि ते लिहिताना अक्षर गुरुजींनी मारावं असं आलं.

त्यांनी हात पुढे केला. मी पिन काढून चावी दिली. पंधरा दिवस ती दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टर शेवंताबाईंकडे होती. रोज चार वेळा मला त्यांच्यापुढे उभं राहून मागावं लागे. त्या चांगल्या बाई, लगेच देत. तरी मागताना माझं तोंड कसं होई ते मला माहीत आहे. पहिल्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, "इतक्यात पुन्हा?" आणि मी दोन मिनिटं खुलासा करत बसले. माझ्या वॉर्डातले लोक गप्प का होत, ते मला तिथे त्यांच्या दारात कळलं.

मार्चमध्ये नानांनी घरी जायचं ठरवलं. डॉक्टरांनी मॉर्फीनचं पातळ औषध बाटलीत दिलं आणि मंजुळाबाईंना शिकवायचं काम माझ्यावर टाकलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी बाटलीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, एक पट्टी म्हणजे एक वेळ. वेळा सूर्यावर आणि गाई दुभायच्या वेळेवर बसवल्या. अफू घरात ठेवायची नाही, दुसऱ्या कुणाचं झोपेचं औषध द्यायचं नाही, बाटली पेटीत कुलुपात. रोज एरंडेलाचा चमचा. हे मात्र मी दोनदा सांगितलं.

अडलं ते श्वासांवर. त्यांच्या घरी घड्याळ नव्हतं. मी मिनिट म्हणजे काय ते समजावण्यात अर्धी दुपार घालवली. शेवटी मंजुळाबाई वैतागून म्हणाल्या, "बाई, मी मना श्वाससंगे मोजू का?"

मी घड्याळ बाजूला ठेवलं. मग आम्ही दोघी नानांच्या शेजारी बसलो आणि करून पाहिलं. मंजुळाबाईंचे तीन होतील तेवढ्यात नानांचे दोन तरी झालेच पाहिजेत. नाही झाले, किंवा हाकेला ओ दिली नाही, तर औषध द्यायचं नाही, त्यांना जागं करत राहायचं आणि माणूस धुळ्याला धाडायचा. डॉक्टरांना मी हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "छान सुचलं." मी जवळजवळ हो म्हणाले होते. मग सांगितलं की हे मंजुळाबाईंचं आहे.

एप्रिलमध्ये एका सुटीच्या दिवशी मी एस.टी.ने त्यांच्या गावी जाऊन आले. नाना कडुनिंबाखाली खाटेवर टेकून चार माणसांना काही तरी सांगत होते. मला पाहून म्हणाले, "ह्या त्या बाई. यास्नी माले श्वास घेवानं शिकाडं." लोकांनी आदराने जागा करून दिली. मी खरी हकीकत सांगायला तोंड उघडलं, पण नाना पुढच्या गोष्टीवर गेले होते.

मे महिन्यात मंजुळाबाई एकट्याच धुळ्याला आल्या. कपाळ मोकळं होतं. पिशवीत फडक्यात गुंडाळलेली बाटली होती, तीन पट्ट्या शिल्लक. उरलेलं औषध घरात ठेवू नका, असं मी सांगितलं होतं. त्यासाठी त्या तेवढ्या उन्हात मोटारीने आल्या होत्या. आम्ही दोघींनी मिळून ते मोरीत ओतलं. मग त्यांनी सांगितलं की नाना सोमवारी सकाळी गेले, न्याहारीनंतर. आदल्या दिवशी नातवाच्या जावळाबद्दल भांडलेसुद्धा. "दुखं नही," त्या म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं, पण मला तेच विचारायचं होतं.

त्यांनी माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता. मी जेवले. नंतर त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीला वेळ होता. मंजुळाबाई जरा संकोचून म्हणाल्या, "आमना गल्लीमा एक बाई शे. छातीमा गाठ शे. दात खाईसन पडेल ऱ्हास, कोनले सांगत नही. तिले आनू का?"

"आणा," मी म्हटलं. "आधी तिला सांगा, इथे कुणी रागावत नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. पण पुढच्या बुधवारी त्या तिला घेऊन आल्या.